मदत हवी आहे: केबलवाल्या डिस्क ब्रेकची लिव्हर हँडलला टेकते, मागचा ब्रेक किंचाळतो. दुरुस्ती की थेट हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) ब्रेक?

सायकल हायब्रिड, दोन्हीकडे १६० मि.मी. रोटर (चाकाला लावलेली ब्रेकची गोल थाळी), केबलवर चालणारे साधे डिस्क ब्रेक. पुण्यात रोज २० कि.मी. आणि रविवारी सिंहगड, पावसाळ्यातही. एकूण ३,५०० कि.मी. झाले आहेत.

पुढची लिव्हर जवळजवळ हँडलला टेकते. दुकानात दोनदा केबल ताणून दिली, आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. मागचा ब्रेक साखळीला तेलाचा स्प्रे मारल्यापासून किंचाळतोय आणि पकडही कमी झाली आहे. यावर खर्च करावा की थेट हायड्रॉलिक बसवावेत?

प्रतिसाद १

आधी पुढच्या ब्रेकचं पाहू. केबल ताणणं हा त्यावरचा उपायच नाही.

या कॅलिपरमध्ये (पॅड धरणारा ब्रेकचा भाग) एकच पॅड (रोटरला घासणारा तुकडा) हलतं, केबलच्या बाजूचं. ते रोटरला ढकलतं, रोटर किंचित वाकून आतल्या स्थिर पॅडवर टेकतो आणि मग पकड बसते. पॅड झिजलं की ही सगळी फट लिव्हरलाच भरून काढावी लागते. केबल ताणली की कॅलिपरचा हात (केबल ओढते ती दांडी) आधीच अर्धा वर उचललेला राहतो. लिव्हर दाबताना घट्ट लागते, पण ऐन वेळी कॅलिपरच्या हाताला फिरायला जागाच उरत नाही. घाट उतरताना हे फार धोक्याचं आहे.

म्हणून असं करा. कॅलिपरवरचा केबलचा बोल्ट सैल करून हात पूर्ण मागे, अगदी अडेपर्यंत जाऊ द्या. लिव्हरजवळचा केबल ताणायचा स्क्रू, म्हणजे बॅरल अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवा आणि दोन फेरे बाहेर घ्या. चाक काढून पॅड बाहेर काढा. पत्र्यावरचा घर्षणाचा थर ०.५ मि.मी. किंवा त्याहून कमी असेल तर पॅड टाकून द्या. जोडीतलं एकच पॅड बदलायचं नाही.

चाक परत बसवताना सायकल जमिनीवर उभी ठेवा, क्विक रिलीज (चाक आवळायची खटक्याची दांडी) सैल करा, वरून दाबून अ‍ॅक्सल नीट बसू द्या आणि मगच आवळा. चाक तिरकं बसलं तर पुढची सगळी मेहनत वाया जाते.

आता कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करा. स्थिर पॅड आणि रोटर यांच्या मध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकवा. केबलचा हात हाताने दाबून धरा, म्हणजे कॅलिपर रोटरला समांतर बसेल. तसाच धरून दोन्ही बोल्ट आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळा, शेवटी ६ ते ८ न्यूटन मीटर. कार्ड काढा. केबल हाताने ओढून फक्त ढिलाई घालवा, हात वर उचलू देऊ नका, आणि बोल्ट आवळा. राहिलेली फट स्थिर पॅडच्या चकतीने किंवा अ‍ॅलन कीने भरा: घासेपर्यंत आत, मग थोडं मागे.

यापुढे पॅड झिजेल तसं आधी स्थिर पॅड आत घ्यायचं. बॅरल अ‍ॅडजस्टर फक्त केबलच्या बारीक ढिलाईसाठी.

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. केबल आणि आऊटर (तिच्यावरचं बाहेरचं आवरण) ३,५०० कि.मी. आणि पावसाळा पाहिलेले असतील तर दोन्ही बदला. आतली तार १.६ मि.मी., आऊटर ५ मि.मी. ब्रेकचाच घ्या. गिअरचा ४ मि.मी. आऊटर चुकूनही नको. त्यात तारा लांबीच्या दिशेने असतात, जोरात ब्रेक मारल्यावर तो फुटू शकतो. कापलेलं टोक कानसने सपाट करा. टोक तिरकं राहिलं की लिव्हर स्पंजासारखी लागते आणि दोष मात्र कॅलिपरला दिला जातो.

मागच्या ब्रेकला तेल लागलं आहे. रोटर साखळीच्या उलट बाजूला असला तरी स्प्रेचा फवारा स्पोकमधून पलीकडे जातो. रोटर ९० टक्के किंवा जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू वापरा. पॅड रेझिनची (राळेच्या मिश्रणाची) असतील तर ती सच्छिद्र असतात, तेल आतपर्यंत मुरतं. पॉलिश पेपरवर घासून वरचा थर निघतो, पण पॅड तापलं की आतलं तेल पुन्हा वर येतं. भाजून वाचवायचा प्रयत्न करू नका, नवी जोडी घ्या. साखळीला यापुढे स्प्रे नको. प्रत्येक रोलरवर एक थेंब आणि मग फडक्याने पुसणं पुरतं.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. दुकानदार म्हणतो, पावसात जास्त टिकतील म्हणून मेटल (धातूमिश्रित) पॅड टाका. पण रोटरवर 'फक्त रेझिन पॅड' अशा अर्थाची सूचना कोरलेली आहे. चालेल का?

प्रतिसाद १

नाही चालणार. तो रोटर तुलनेने मऊ स्टीलचा असतो, मेटल पॅड त्याला खाऊन टाकतं. पावसात सह्याद्रीतल्या चिखलाने रेझिन पॅड भराभर झिजतात हे खरं, आणि मेटल पॅड जास्त टिकतात हेही खरं. पण मग रोटरही त्या पॅडला चालणारा हवा. मेटल पॅड आवाज जास्त करतात आणि कॅलिपरकडे उष्णताही जास्त पोचवतात. तुमच्या वापराला मी रेझिनच घेईन आणि पावसाळ्यात दर रविवारी पॅडची जाडी बघेन.

रोटरची जाडीही व्हर्नियरने मोजा. शिमानो कंपनीचा नवा रोटर साधारण १.८ मि.मी. असतो, १.५ च्या खाली गेला की बदलायचा.

नवी पॅड बसवलीत की रोटरवर त्यांचा थर बसू द्या. मोकळ्या रस्त्यावर ताशी २० कि.मी. वेग घ्या, एकाच ब्रेकने घट्ट पण चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत या. असं २० वेळा. मग थोड्या जास्त वेगाने १० वेळा. नंतर दुसरा ब्रेक. हे न करता थेट सिंहगड उतरलात तर पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत होतो आणि पुन्हा किंचाळी सुरू.

प्रतिसाद ३

हायड्रॉलिकचं राहिलं. फरक मोठा आहे, दोन्ही पॅड हलतात आणि झीज आपोआप भरून निघते. पण आधी तुमची लिव्हर बघा. स्वस्त हायब्रिडवर बऱ्याचदा ब्रेक लिव्हर आणि गिअर शिफ्टर एकाच तुकड्यात असतात. तसं असेल तर हायड्रॉलिक लिव्हरसोबत वेगळे शिफ्टरही घ्यावे लागतात आणि खर्चाचं गणित बदलतं.

घेतलेत तर तेल कोणतं ते पक्कं ठाऊक हवं. शिमानो आणि टेक्ट्रोला मिनरल ऑइल, एसरॅमच्या बहुतेक ब्रेकना डॉट ५.१ (ब्रेक फ्लुइडचा एक प्रकार). एकाच्या जागी दुसरं घातलं तर सील फुगतात आणि सगळा ब्रेक बाद होतो. डॉट ५ हे नाव जवळचं वाटलं तरी ते सिलिकॉनचं असतं, तेही नको. डॉट हवेतली ओल शोषतं, रंगावर सांडलं तर रंग खातं. चाक काढलेलं असताना लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात. मधे प्लॅस्टिकचा तुकडा घालून ठेवा.

एकाच तुकड्याची लिव्हर असेल तर दोन्ही पॅड हलणारा केबलवाला कॅलिपर हा मधला मार्ग चांगला आहे. मात्र सरळ हँडलच्या लिव्हरला चालणाराच घ्या. रोड सायकलच्या लिव्हर केबल कमी ओढतात, त्यांचे कॅलिपर वेगळे.

धागाकर्ता

लिव्हर आणि शिफ्टर एकत्रच आहेत, त्यामुळे हायड्रॉलिक तूर्त बाजूला. केबल, आऊटर, रेझिन पॅड बदलले. पुढची लिव्हर आता निम्म्यातच घट्ट होते, मागची किंचाळी पूर्ण गेली. फक्त मागे चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा टिक् असा आवाज येतो.

प्रतिसाद २

फेऱ्याला एकदाच म्हणजे रोटर एका जागी वाकला आहे. सतत घासत असता तर कॅलिपरचं अलाइनमेंट. आधी रोटरचे सहा बोल्ट टी २५ स्टार कीने तपासा, सैल बोल्टमुळेही असंच होतं. मग कॅलिपरमागे पांढरा कागद धरा, चाक सावकाश फिरवा आणि फट बंद होते तिथे मार्करने खूण करा, पण खूण रोटरच्या आतल्या हातांवर करा, घासणाऱ्या पट्टीवर नको. ती जागा कॅलिपरबाहेर आणून अल्कोहोलने पुसलेल्या अ‍ॅडजस्टेबल पान्याने अगदी हलकी वाकवा, पुन्हा बघा. चाक वेगात फिरत असताना बोटं जवळ नेऊ नका, रोटर बोट कापू शकतो.

उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. दोन्ही एकत्र, जोरात दाबा, वेग उतरला की पूर्ण सोडा, म्हणजे रोटरला वारा लागतो. खाली पोचल्यावर तापलेल्या रोटरवर पाणी ओतलंत तर तो पुन्हा वाकेल.