कमाल अधिक किमान भागिले दोन: एवढंच पुरे?

दशांशचिन्ह (धागाकर्ता)

परवा हवामानाच्या धाग्यावर ‘रोखठोक’ यांनी लिहिलं होतं: “जुन्या नोंदींवरून दिवसाच्या तापमानाची सरासरी काढायला कसलं आलंय शास्त्र? कमाल अधिक किमान भागिले दोन. बाकी दुरुस्त्या म्हणजे हातचलाखी.” खाली +१ ची रांग लागली. तिथंच उत्तर दिलं असतं तर मूळ चर्चा बुडाली असती, म्हणून हा वेगळा धागा.

समजा निरभ्र आकाशाचा दिवस आहे. सकाळी ७ ला १४.२, दुपारी २ ला २७.६, रात्री ९ ला १८.४. कमाल २८.६, किमान १२.८. रोखठोकांच्या हिशेबाने सरासरी २०.७. आता दुसरी रीत. मानहाइमला १७८० साली स्थापन झालेल्या हवामान मंडळाने नोंदीच्या वेळा ठरवल्या त्या ७, २ आणि ९. त्यावरून जर्मनीत रुळलेलं सूत्र असं: सातचं, दोनचं आणि नऊचं दुप्पट, बेरजेला भागिले चार. नऊचं दुप्पट अशासाठी, की रात्री उठून कुणी नोंद घेत नाही, तेव्हा त्या तासांचा भार नऊच्या आकड्यावर. उत्तर येतं १९.६५. दिवस तोच, तापमापी तोच, फरक अंशाहून जास्त.

कारण उघड आहे. दुपारचं शिखर टोकदार आणि अल्पजीवी, रात्र लांब आणि सपाट. तुमच्या भागिले दोनमध्ये ते शिखर अर्धं वजन खाऊन बसतं.

बरं, हेही सगळीकडे सारखं नाही. जर्मनीने २००१ मध्ये तीन वेळांचं सूत्र सोडलं आणि तासातासाच्या २४ नोंदी धरायला सुरुवात केली. स्वीडनचं एकहोल्म-मोदेन सूत्र तीन वेळांच्या नोंदी, कमाल आणि किमान असे पाच आकडे घेतं, वर महिना आणि रेखांशाप्रमाणे गुणक बदलतं. इंग्लंड-अमेरिका कमाल-किमानवर. हे आकडे शेजारी मांडून ‘कुठं किती गरम’ याचे तक्ते करणारे बघितले की माझा पारा चढतो. आणि एकाच ठिकाणच्या वहीत रीत मधेच बदलली, की आलेखात पायरी दिसते. ती हवामानाची नसते, कारकुनाची असते. ती काढून टाकणं ही हातचलाखी?

रोखठोक

माझ्या दोन ओळींना एवढं प्रवचन! धन्य झालो.

शंभर वर्षांपूर्वीच्या बऱ्याच वह्यांत कमाल आणि किमान एवढंच आहे. रात्री ९ ची नोंद आणायची कुठून, प्लँचेट करून? आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच चुकीची रीत वापरली, तर फरक काढताना चूक आपोआप उडते. तुमचा १.०५ अंश तेव्हाही १.०५, आजही १.०५. उगाच कीस पाडायचा छंद असेल तर गोष्ट वेगळी.

दशांशचिन्ह

तसाच राहिला तर उडेल. दाट ढगांच्या दिवशी तो फरक जवळजवळ नाहीसा होतो, निरभ्र दिवशी वाढतो. ढगांचं मान बदललं की तुमची ‘एकच’ चूक एकच उरत नाही.

जुना निरीक्षक

दोघांनीही कधी तापमापी ठेवायची पेटी उघडलेली दिसत नाही. मी नोकरीत रोज उघडली आहे.

कमाल तापमापीत फुग्याजवळ नळी आवळलेली असते. पारा वर चढतो, पण आपण होऊन उतरत नाही. वाचून झालं की ताप बघायच्या थर्मामीटरसारखा झटकायचा. किमानवाला स्पिरिटचा, आत बारीकशी काडी. तो तिरका करून काडी स्पिरिटच्या टोकाला आणायची. हे न करता निघून गेलात की दुसऱ्या दिवशी जुनाच आकडा वाचायला मिळतो. माझ्या आधी तिथं असलेल्या गृहस्थांच्या वहीत ओळीने काही दिवस कमाल एकच, दशांशासकट. त्याच पानावर शेजारच्या रकान्यात मुसळधार पाऊस!

आणि तुमचा तो रात्री ९ चा आकडा. एका वहीत मी पाहिलं, नऊच्या सगळ्या नोंदी .० नाहीतर .५ वर संपलेल्या, आणि शाई दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या नोंदीची. कोण कशाला कडाक्याच्या थंडीत बाहेर जाईल? जर्मन सूत्र नेमकं त्याच आकड्याला दुप्पट मान देतं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

रोखठोक

निरीक्षककाका, साष्टांग नमस्कार. आता बोला दशांशराव.

दशांशचिन्ह

काकांच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण कमाल-किमानही त्याच हातांनी लिहिलेलं असतं. लिबियातल्या अल अझीझियाचा १९२२ चा ५८ अंशांचा जागतिक उच्चांक जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्ये रद्द केला. नवख्या निरीक्षकाने कमाल-किमान दोन्ही दाखवणाऱ्या सिक्स-बेलानी तापमापीतल्या दर्शकाचं चुकीचं टोक वाचलं असावं, गफलत साधारण ७ अंशांची. भागिले दोनमध्ये त्या दिवसाची सरासरी साडेतीन अंशांनी गेली. तीच ७ अंशांची चूक चार नोंदींच्या वजनात टाकून बघा, मग कळेल.

अवांतरवाला

सूत्रांवर खुशाल भांडा. १८८५ ची तारीख स्प्रेडशीटमध्ये टाकून बघितलीय का कुणी?

सगळं जग वापरतं त्या स्प्रेडशीटची कालगणना १ जानेवारी १९०० ला सुरू होते. त्याआधीची तारीख म्हणजे नुसता मजकूर. क्रम लावा म्हटलं की सगळ्या वर्षांच्या एक जानेवाऱ्या एका गठ्ठ्यात, मग सगळ्या एक फेब्रुवाऱ्या. वर त्यात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे, जो पृथ्वीवर उजाडलाच नाही. एका जुन्या प्रोग्रामशी जुळावं म्हणून चूक मुद्दाम ठेवली आणि आजतागायत ठेवलीय. माझा अख्खा उन्हाळा यात गेला.

कोपऱ्यातला

मोफत मिळणारं दुसरं वापरा, त्यात जुन्या तारखा चालतात.

अवांतरवाला

ऑफिसच्या मशीनवर टाकू देत नाहीत. ‘सुरक्षा धोरण’.

कोपऱ्यातला

मग वर्ष, महिना, दिवस असे तीन रकाने करा. विषय संपला.

अवांतरवाला

संपतो कुठला? मोकळ्या घरांचं काय? कमाल लिहायचं राहिलंय आणि किमान आहे, तर सरासरीचं फंक्शन मुकाट्याने एकट्या किमानालाच दिवसाची सरासरी म्हणून हातात ठेवतं. हाताने बेरीज भागिले दोन लिहिलं तर मोकळं घर शून्य धरतं, म्हणजे किमानाच्याही निम्मं. त्यापेक्षा भारी, ‘नोंद नाही’ म्हणून लिहिलेलं ९९.९. तीस दिवसांचा महिना, रोज २५, एकच दिवस ९९.९. सरासरी २७.५. दिसायला अगदी सोज्वळ आकडा! शून्य आलं असतं तर निदान डोळ्यांत खुपलं असतं.

जुना निरीक्षक

आमच्या वेळी नोंद नसेल तर रेघ मारायचे.

अवांतरवाला

रेघेलाही ते वजाबाकी समजतं, काका.

अंशदिन

जरा मूळ मुद्द्यावर येऊ का? पीक कधी तयार होईल याचे आमचे हिशेब दैनिक सरासरीवर चालतात. तळाचा ठरलेला आकडा (ज्याखाली पीक वाढत नाही) वजा करायचा आणि उरलेले अंश रोज साठवत जायचं. सरासरी रोज अर्धा अंश जास्त धरली, तर शंभर दिवसांत पन्नास अंशदिन फुकटचे. गुणक एका रीतीने काढलेले आणि आकडे दुसऱ्या रीतीचे, यावरून आमच्याकडे सहकाऱ्यांत अबोला झालेला आहे. रोखठोक, ‘चूक आपोआप उडते’ हे फरक काढतानाच खरं. साठवताना ती साठत जाते.

रोखठोक

ताई, तुमचं चालू द्या, तुमच्यापाशी चोवीस नोंदी आहेत. मी जुन्या वह्यांबद्दल बोलतोय. एकदा ‘दुरुस्ती’चं दार उघडलं की प्रत्येक जण आपल्याला हवा तो आकडा काढतो. अमेरिकेत जुने आकडे खाली ढकलून तापमानवाढ दाखवली, हे जगजाहीर आहे.

दशांशचिन्ह

जगजाहीर म्हणजे तुमच्या व्हॉट्सॲपवर.

तिथं झालं ते नीट वाचा. स्वयंसेवक आधी संध्याकाळी पाचच्या सुमारास वाचून तापमापी झटकायचे. समजा, मंगळवारी ४ ला ३८ होतं. ५ ला वाचलं, झटकलं, तेव्हा हवा ३७.५. झटकलेला तापमापी त्या क्षणाच्या हवेइतकाच खाली येतो, म्हणजे ३७.५ वरच. बुधवारी पाऊस, २९ च्या वर हवा गेलीच नाही. बुधवारी ५ ला कमाल किती वाचाल? ३७.५. एका कडक दुपारला दोन दिवसांत जागा. पुढं हळूहळू लोक सकाळी वाचायला लागले, तेव्हा उलट. थंड पहाट दोनदा मोजली जाते. म्हणजे हवा होती तिथंच, वही मात्र थंड होत गेली. रोखठोक, ही वहीसुद्धा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कमाल-किमान भागिले दोनच आहे बरं का. तुमची ‘एकच रीत’.

रोखठोक

आधी व्हॉट्सॲपचा टोमणा मागे घ्या. मीही या विषयात चार पुस्तकं उलटलीत. असहमत असणाऱ्याला अडाणी ठरवायचं, ही इथली जुनी खोड.

कोपऱ्यातला

उलटलीत की वाचलीत? (हलकं घ्या)

अंशदिन

दोघंही थांबा. दुरुस्त्या नेहमी वाढच दाखवतात हेही खरं नाही. बादलीने पाणी काढून मोजलेली समुद्राची जुनी तापमानं वर उचलावी लागली, कारण बादलीतलं पाणी वर येईपर्यंत निवायचं. सगळ्या जगाचा हिशेब एकत्र धरला तर दुरुस्त्यांमुळे दीर्घकाळची वाढ थोडी *कमीच* दिसते. वाढवायचीच असती तर दुरुस्त्या केल्याच नसत्या.

रोखठोक

समुद्र मधे आणू नका. पाच वाजताच्या झटकण्याचं पटलं, नाइलाजाने. मंगळवार-बुधवार कागदावर मांडून बघितलं. पण त्याला सूत्र काय करणार? तो दोष वेळेचा झाला, भागिले दोनचा नव्हे. माझं मूळ म्हणणं जागेवर आहे.

दशांशचिन्ह

तुमचं मूळ म्हणणं ‘दुरुस्त्या म्हणजे हातचलाखी’ असं होतं. ते जागेवरून बरंच हललंय. टोमणा मागे.

नवी पाटी

भांडणात पडत नाही, पण खरंच अडलंय. माझ्याकडे एका जुन्या वहीत फक्त सकाळी ८ आणि दुपारी ४ च्या नोंदी आहेत. कमाल नाही, किमान नाही. दोन्हींची सरासरी काढू का?

दशांशचिन्ह

नुसती नको. जवळच्या, तशाच उंचीवरच्या आजच्या केंद्राच्या तासातासाच्या नोंदी घ्या. प्रत्येक महिन्याला ८ आणि ४ चा मध्य एकीकडे, चोवीस तासांची सरासरी दुसरीकडे, त्यातला फरक काढा आणि तो जुन्या मध्यातून वजा करा. वर्षाला एकच फरक लावू नका. हिवाळ्यात सूर्य उशिरा वर येतो, ८ चा अर्थ बदलतो. आणि वही प्रमाणवेळेच्या आधीची असेल तर तिचे ८ म्हणजे आपले ८ नव्हेत.

रोखठोक

आणि मूळ आकड्यांचा रकाना पुसू नका.

जुना निरीक्षक

चारच्या नोंदीच्या शेवटच्या दशांशाची मोजणी करा आधी. शून्य आणि पाचच भरलेले असतील तर पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

अवांतरवाला

वही कुठल्या सालची आहे? १९०० च्या आधीची असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा.