अनुभव: कुत्र्याबरोबर धरणकाठची भटकंती

खडकवासला, पानशेत, वरसगाव, पवना असे जलाशय पुण्याच्या एवढे जवळ असल्यामुळे, कुत्रे पाळणाऱ्या आमच्यासारख्यांचे रविवार बहुधा धरणाच्या काठीच उजाडतात. आमच्या मोतीबरोबर (वय ४, गावठी) फिरताना एवढे लक्षात आले की, समोर भरपूर पाणी दिसते म्हणूनच आपण गाफील राहतो. मे महिन्यात कुडजे गावाच्या बाजूला खडकवासल्याचे पाणी बरेच मागे हटले होते आणि उघड्या पडलेल्या गाळाला भेगा पडल्यामुळे तो वाळलेला वाटत होता. मोती पाण्याकडे धावला आणि पोटापर्यंत रुतला. त्याच्यामागे जाणे हा शुद्ध वेडेपणा होता, हे मला दोन पावले टाकून झाल्यावर सुचले. शेवटी सतरंजी पसरून, तिच्यावर पालथे पडून, छातीच्या पट्ट्याला धरून त्याला ओढून काढले. आपलेही अनुभव लिहावेत. वाट कशी होती यापेक्षा कुत्र्याला काय झेपले नाही, हे वाचायला अधिक आवडेल.

कोथरूड, लॅब्रॅडॉर
पवनेच्या काठी मुक्काम करून सकाळी तिकोना किल्ला चढलो. वरच्या उभ्या पायऱ्यांवर आमची लॅब्रॅडॉर बसकण मारून राहिली, तेव्हा २८ किलोंचे ओझे मीच उचलले; पण खरी कसोटी उतरताना लागली. अकरा वाजून गेले होते आणि कातळ तापला होता. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या गाद्यांपुरताच, त्यामुळे अंग निववण्याची सगळी भिस्त धापा टाकण्यावर असते. ती झुडपाखाली बसली ती उठेचना. खाली एवढे मोठे धरण दिसत होते आणि आमच्या बाटलीत जेमतेम अर्धा लिटर पाणी उरले होते. पोट, जांघा आणि पंजे भिजवले, उरलेले घोटघोट पाजले आणि तासभर तिथेच थांबलो.

सिंहगड रस्ता, मिश्र जात
पावसाळ्यात पानशेतच्या काठच्या गवतातून फिरून आल्यावर कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी पाहाव्यात. आम्ही पाहिल्या नाहीत. काही दिवसांनी कुत्र्याला ताप आला, हिरड्या पांढुरक्या पडल्या, प्लेटलेट उतरल्या आणि डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक चार आठवडे चालले. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजाराची) लसही चुकवू नये, कारण उंदरांच्या मुतातून तो आजार साचलेल्या पाण्यात उतरतो.

बाणेर, बीगल
पाण्यावर हिरवी साय दिसली तर तिथूनच मागे फिरावे. साधे शेवाळ वाटते, पण त्यात कुत्र्याच्या यकृतावर घाला घालणारे विषारी जिवाणू असू शकतात.

वारजे, गावठी
वरसगावच्या बाजूला आमचा शेरू मोकळाच होता. शेळ्यांचा कळप आडवा आला आणि मागून आजींचा आवाज: "आवं, कुत्रं बांधा की! गाभण हायती शेळ्या." मी ओशाळून माफी मागितली आणि शेरूला दावणीसारखे झाडाला बांधले. कळप पुढे निघून गेल्यावर आजींनीच करवंटीत ताक ओतून त्याच्यापुढे ठेवले.