मदत हवी आहे: सॅटचा अधिकृत रिपोर्ट आत्ताच पाठवायचा का?

मंडळी, लेकीचे अमेरिकेतल्या कॉलेजांचे अर्ज कॉमन ॲपवर (एकच अर्ज भरून अनेक कॉलेजांना पाठवता येतो ती वेबसाइट) भरणं चालू आहे. गाडी अडलीय सॅट या प्रवेशपरीक्षेच्या स्कोअरपाशी. बरीच कॉलेजं म्हणतात, आकडे अर्जात तुम्हीच भरा, सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा अधिकृत रिपोर्ट प्रवेश पक्का झाल्यावर द्या. जॉर्जटाउनला मात्र दिलेल्या सगळ्या परीक्षांचे स्कोअर हवेत, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठ प्रवेशासाठी सॅट बघतच नाही! म्हणजे प्रत्येकाचं नियमांचं पान उघडून वाचणं आलं. ते वाचतोय.

खरी शंका नावाची आहे. सॅटच्या खात्यावर पासपोर्टप्रमाणे मधलं नाव आहे, कॉमन ॲपवर नुसतं नाव-आडनाव. जन्मतारीख आणि ईमेल दोन्हीकडे तेच. अशा वेळी रिपोर्ट अर्जाला बरोबर जोडला जातो, की कॉलेजला आधीच मेल टाकून ठेवावा?

दुसरं, गणित एका परीक्षेत चांगलं गेलंय, वाचन-लेखन दुसरीत. सुपरस्कोअर (वेगवेगळ्या तारखांतला प्रत्येक भागाचा सर्वांत चांगला स्कोअर एकत्र) धरणाऱ्या कॉलेजला दोन्ही तारखांचे स्कोअर पाठवायचे ना? शुल्क कॉलेजमागे आहे, परीक्षेमागे नाही, तेवढं बरं.

ज्यांच्या मुलांनी अलीकडेच अर्ज केलेत त्यांनी प्लीज सांगा. कन्सल्टंटचे नंबर नकोत.