कॅम्परव्हॅनची मैलाटाकी रिकामी करताना होणारी गळती कशी थांबवावी?

प्रश्न (मुलुंडहून)

नमस्कार. आमच्याकडे ट्रॅव्हलर गाडीवर बांधून घेतलेली कॅम्परव्हॅन आहे. तिच्या खाली दोन टाक्या आहेत, एक शौचालयाची आणि दुसरी बेसिन व न्हाणीच्या सांडपाण्याची. दोन्ही टाक्यांच्या नळ्या पुढे एकाच 3 इंची तोंडाला मिळतात. प्रत्येक नळीला स्वतंत्र गेट व्हॉल्व्ह आहे आणि तोंडाला फिरवून बसवायचे झाकण आहे. अडचण अशी की दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतानाही झाकण फिरवताच मगभर घाण पाणी भसकन बाहेर येते. पाइप तोंडाला जोडल्यावर त्या सांध्यातून थेंब गळतात, आणि काम झाल्यावर पाइप काढताना पुन्हा सांडते ते वेगळेच. गाडी बांधून देणाऱ्याचे म्हणणे असे की थोडे गळणारच. मला ते मान्य नाही, कारण आमच्या सोसायटीच्या आवारात मुले खेळतात आणि सांडलेले शेवटी सफाई कामगारालाच धुवावे लागते. हे काम एक थेंबही न सांडता करता येते का? येत असेल तर कसे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (गोरेगावहून)

करता येते. चित्रीकरणाच्या व्हॅनिटी व्हॅनची देखभाल हे माझे काम असल्याने आपण सांगितलेल्या तिन्ही गळत्या ओळखीच्या आहेत. पहिली गळती झाकणाची नसून व्हॉल्व्हची आहे, हे आधी पक्के धरावे.

गेट व्हॉल्व्हमध्ये एक पातळ पाते दोन रबरी सीलच्या मधून सरकते आणि समोरच्या खाचेत जाऊन बसते. त्या खाचेत कागदाचा लगदा किंवा सुकलेला मैला अडकला की दांडा पूर्ण आत गेल्यासारखा हाताला लागतो, पण पाते किंचित उघडेच राहते. मग गाडी चालत असताना टाकीतले पाणी थेंबाथेंबाने व्हॉल्व्ह आणि झाकण यांच्यामधल्या नळीत साचत जाते, आणि झाकण सैल होताच ते सगळे एकदम हातावर येते. पाण्यात साबणाचा फेस आणि तेलकटपणा असेल तर सांडपाण्याचा व्हॉल्व्ह तपासावा. उग्र वास आणि कागदाचे तुकडे असतील तर मैलाटाकीचा.

उपाय असा. टाकी रिकामी झाल्यावर पाइप जोडलेलाच ठेवावा, टाकी निम्मी स्वच्छ पाण्याने भरावी आणि ते पाणी सोडताना व्हॉल्व्ह अनेकदा पूर्ण उघडावा व पूर्ण बंद करावा, म्हणजे प्रवाहाने खाच धुऊन निघते. बहुतेक वेळा एवढ्यावर भागते. नाही भागले, तर टाकी रिकामी व धुतलेली असताना व्हॉल्व्हचे चार बोल्ट काढून दोन्ही सील बदलावेत. व्हॉल्व्ह पुन्हा बसवताना सीलची कड आत दुमडली जाण्याची फार शक्यता असते, म्हणून बोल्ट आवळण्यापूर्वी कडेवरून बोट पूर्ण गोल फिरवून पाहावे आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळावेत. एकच बाजू आधी घट्ट केली तर पाते तिरके बसते आणि गळती कायम राहते.

सील चांगले असले तरी बाहेरच्या तोंडाला फिरवून बसणारा आणखी एक गेट व्हॉल्व्ह लावून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. आतला व्हॉल्व्ह पाझरला तरी पाणी या दुसऱ्या व्हॉल्व्हपाशी अडते. आपण झाकण काढावे, पाइप जोडावा आणि मगच तो उघडावा. तरीही झाकण काढताना खाली पसरट टब ठेवावा आणि हातमोजे घालावेत.

उत्तर (दादरहून)

माझी मुलगी अमेरिकेत असते आणि तिच्याकडे गेलो की आम्ही भाड्याच्या मोटरहोमने फिरतो. तिथे अशा टाक्या रिकाम्या करण्यासाठी ठरलेल्या जागा असतात. जमिनीत झाकणाचे तोंड आणि शेजारी पाइप धुण्यासाठी नळ असतो. त्या नळाचे पाणी पिण्याचे नसते, आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप तिथे कोणी बाहेरही काढत नाही. तिथली जी शिस्त पाहिली, ती आपल्या गाडीलाही तंतोतंत लागू आहे.

मैलाटाकीचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा आणि ती पूर्ण रिकामी झाल्यावर तो बंद करून सांडपाण्याचा उघडायचा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आतून धुतला जातो. आपल्या दोन्ही नळ्या एकाच तोंडाला मिळत असल्याने दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी मात्र कधीही उघडू नयेत, कारण पाइप कुठे तुंबला तर मैला उलटा सांडपाण्याच्या टाकीत शिरतो. टाकी दोन तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नये. थोडेच पाणी असेल तर ते निघून जाते, घट्ट भाग तळाशी राहतो आणि तोच पुढच्या वेळी व्हॉल्व्हच्या खाचेत जाऊन बसतो. टाकी भरलेली नसेल आणि सोडणे भागच असेल, तर आधी पाणी घालून ती भरून घ्यावी.

सांध्यातल्या गळतीबद्दल: पाइपच्या टोकाचे कान तोंडावरच्या खुंट्यांत नुसते अडकलेले असून चालत नाही, शेवटपर्यंत फिरवून घट्ट बसले पाहिजेत. आतली रबरी चकती जागेवर आहे ना, हे दरवेळी डोळ्यांनी पाहावे. तिथे पारदर्शक एल्बो (काटकोनी जोड) बसवल्यास पाणी स्वच्छ येऊ लागले की नाही ते दिसते, आणि अंदाजाने व्हॉल्व्ह बंद करून पाइप काढण्याची वेळ येत नाही. दुसरे टोक चेंबरमध्ये नुसते सोडू नये. व्हॉल्व्ह उघडल्यावर येणाऱ्या पहिल्या लोंढ्याने ते उसळून बाहेर येते, म्हणून त्यावर वजन ठेवावे किंवा ते बांधावे.

उत्तर (चेंबूरहून)

नोकरीत असताना पालिकेच्या मलनिःसारणाच्या कामाशी माझा संबंध आला, म्हणून एका गोष्टीकडे आग्रहाने लक्ष वेधतो. पाइप उत्तम जोडला आणि पाणी चुकीच्या झाकणात सोडले, तर तीसुद्धा गळतीच आहे, फक्त आपल्याला दिसत नाही एवढेच.

मुंबईत पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या आणि मैलापाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आहेत. रस्त्याकडेच्या जाळीत सोडलेले पाणी नाल्यात आणि तिथून प्रक्रियेविना खाडीत किंवा समुद्रात जाते. मैलापाण्याची वाहिनी मात्र कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर येथील केंद्रांकडे जाते. म्हणून आवारातले कोणते चेंबर कशाचे आहे, हे सोसायटीच्या प्लंबरकडून खात्री करून घ्यावे आणि व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्यावी. रस्त्यावरचे मॅनहोल स्वतः उघडू नये. आत विषारी वायू असतात, आणि 2017 च्या ऑगस्टमधील अतिवृष्टीत उघड्या मॅनहोलने एका नामवंत डॉक्टरांचा जीव घेतला, हे मुंबई विसरलेली नाही. चेंबर तुंबलेच तर कामगाराला आत उतरवू नये. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय तसे करणे निषिद्ध आहे.

परवानगी मिळत नसेल तर सक्शन टँकर बोलवावा. हवेच्या ओढीने पाणी जात असल्याने सांध्यातून बाहेर गळण्याचा प्रश्न बराचसा मिटतो. मात्र टाकीची हवेची नळी मोकळी आहे ना ते आधी पाहावे, नाहीतर प्लॅस्टिकची टाकी आत चेपते.

प्रश्नकर्ता (मुलुंडहून)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. झाकणातून येणाऱ्या पाण्याला फेस आहे, म्हणजे दोष सांडपाण्याच्या व्हॉल्व्हचा दिसतो. आणखी दोन शंका आहेत. व्हॉल्व्हचा दांडा फार जड झाला आहे, त्याला पेट्रोलियम जेली लावली तर चालेल का? आणि टाकीत ब्लीचिंग पावडर टाकावी का?

उत्तर (गोरेगावहून)

दोन्ही टाळावे. पेट्रोलियम जेलीने अनेक प्रकारचे रबर फुगते आणि सील लवकर खराब होते. त्याऐवजी सिलिकॉन ग्रीस वापरावे. आपल्या दमट, खाऱ्या हवेत दांड्याला गंज लवकर चढतो, तेव्हा तो पुसून मगच ग्रीस लावावे. ब्लीचिंग पावडरनेही सील कडक होतात. शिवाय त्याच टाकीत संडास साफ करण्याचे आम्ल गेले तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद गाडीत तो अत्यंत घातक आहे.

पाइप काढतानाच्या गळतीचे उत्तर राहिले होते. दोन्ही व्हॉल्व्ह बंद केल्यावर लगेच पाइप ओढू नये. नालीदार पाइपच्या प्रत्येक वळीत पाणी थांबलेले असते. गाडीकडचे टोक सोडवून वर धरावे आणि तिथून चेंबरच्या दिशेने हाताखाली पाइप हळूहळू उचलत जावे, म्हणजे राहिलेले सगळे पाणी उतारावरून चेंबरमध्येच जाते. मग पाइपमधून बादलीभर पाणी सोडावे, चेंबरवर धरूनच दोन्ही टोकांना टोपण लावावे आणि त्यानंतरच तो बाहेर घ्यावा. एवढे करूनही जमिनीवर काही सांडलेच, तर त्यावर आधी लाकडाचा भुसा टाकून तो पिशवीत भरावा आणि नंतर फरशी धुवावी. थेट पाणी ओतले तर ते पावसाच्या जाळीकडेच वाहत जाते.