कंपवातातलं नैराश्य: मेंदूतला बिघाड की माणसं तुटल्याचं दुःख?

कृष्णाकाठ (सांगली):
आमच्या अण्णांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी हात, चाल, तोल सगळं पाहिलं. "मन लागतं का?" एवढंच कुणी विचारलं नाही. याचा मला राग आहे. या आजारात मेंदूतलं नुसतं डोपामिन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, घटत नाही; सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन ही मनःस्थितीशी संबंधित रसायनं बनवणाऱ्या पेशीही झिजतात. साधारण तिघांतल्या एकाला दखल घेण्याजोगं नैराश्य येतं. कित्येकांना तर हात थरथरायच्या काही वर्षं आधीच उदासी धरते. आजार झालाय हेच माहीत नसताना त्याचं दुःख कसं होईल? त्यामुळे 'वयाचं आहे, चालायचंच' हे बोलणं बंद झालं पाहिजे आणि वेळेवर उपचार सुरू झाले पाहिजेत.

आमराईकर:
पटलं नाही. सगळं रसायनावर ढकललं की घरचे सुटले. माझे मामा विश्रामबागला रोज कट्ट्यावर असायचे. बशीत चहा ओतताना सांडायला लागला, कुणीतरी हसलं, त्यांनी जाणंच सोडलं. मग अक्षर बारीक होत गेलं. सही जुळेना म्हणून बँकेतून चेक परत आला, तर मुलानं पासबुकच ताब्यात घेतलं. मामा खचले ते तिथं. यावर कुठली गोळी देणार?

कृष्णाकाठ:
मामांचं वाचून वाईट वाटलं. पण असं हसणं पुष्कळांच्या वाट्याला येतं. त्यातला एकच का खचतो?

आमराईकर:
कारण दुसऱ्याच्या घरी कुणीतरी त्याच्याशी बोलतं. आमच्या मामी आधीच गेल्या होत्या.

मिरजेची_लेक:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते. तुमच्या दोघांच्या वादात एक गोष्ट राहतेय, ती म्हणजे गोळीची वेळ. लेव्होडोपाचा, म्हणजे कंपवाताच्या मुख्य औषधाचा, अंमल उतरायला लागला की काहींचे पाय जमिनीला चिकटतात आणि त्याच वेळी जीव घाबरतो, रडू येतं. पुढची गोळी लागू पडली की तोच माणूस गप्पा मारतो. घरच्यांना वाटतं, लहरी झालाय. आठवडाभर वहीत लिहा: गोळी किती वाजता घेतली, मन कधी बुडालं. वेळा जुळल्या तर आधी डोस बघावा लागतो. शिवाय रात्रीची झोप मोडणं, अंगदुखी, बद्धकोष्ठ, उभं राहिल्यावर बीपी पडणं, हे ज्यांना जास्त त्यांच्यात नैराश्यही जास्त दिसतं. बायकांमध्ये, कमी वयात आजार झालेल्यांत आणि आधी कधी नैराश्य येऊन गेलेल्यांतही.

खुद्द_पेशंट:
माझ्याबद्दलच चाललंय म्हणून लिहितो. या आजारात चेहरा ताठ होतो. नातवाच्या बारशाला मी आतून खूश होतो आणि सगळे विचारत होते, "बापू, बरं वाटत नाही का?" आणि खरंच अंधारून येतं तेव्हा 'यांचा चेहरा असाच' म्हणून कुणी विचारत नाही. तोंडाकडे बघून ठरवू नका. विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. आमचं बोलणं हळू झालंय.

वाळवेकर:
इतक्या गोळ्या कशाला? खाजकुइलीचं चूर्ण द्या, आपल्याकडे मिळतं.

मिरजेची_लेक:
@वाळवेकर, खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपाच असतो. चालू गोळ्यांवर परस्पर चूर्ण दिलं तर डोस वाढून हातपाय वेडेवाकडे हलतात, भासही होऊ शकतात. नैराश्याच्या गोळीचंही तसंच. सेलेजिलिन किंवा रासाजिलिन हे कंपवाताचं औषध चालू असेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवल्याशिवाय ती सुरू करू नका.

आमराईकर:
वहीचं पटलं. पण वही लिहायलाही घरात माणूस लागतं. समुपदेशनानं, विशेषतः सीबीटीनं (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीनं), या पेशंटांना फरक पडतो हे अभ्यासांत दिसलंय. ते सोडून आधी गोळी का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

कृष्णाकाठ:
आधी गोळी असं मी म्हटलंच नव्हतं, उपचार म्हटलं होतं. त्यात समुपदेशन आलंच. पण जो माणूस अंथरुणातून उठायलाच तयार नाही, त्याला कट्ट्यावर किंवा समुपदेशकाकडे न्यायचं कसं? अण्णांच्या बाबतीत मी रोज तिथंच अडतो. कुणाला जमलं असेल तर लिहा.

खुद्द_पेशंट:
गोळी घेतल्यावर अंग मोकळं होतं तेव्हा न्या. आणि चहा अर्धा कप भरून द्या.