राजवाड्याचं स्केच: पेन्सिलने मोजूनही प्रमाण चुकतं

पोहेजलेबी:
इंदूरच्या राजवाड्यासमोरच्या बागेतून पेन्सिल स्केच करतेय. हात लांब करून पेन्सिलवर मापं घेते, तरी दोन गोष्टी दर वेळी बिघडतात. एक, घरी चित्र भिंतीला टेकवलं की दरवाजाचा सगळा भाग ओढून लांबवल्यासारखा उंच दिसतो. दोन, बाजूने मागे जाणारी भिंत मागे जातच नाही, सपाट राहते. बोर्ड मांडीवर, कागद ए3, पेन्सिल 2बी.

ओळंबा:
उंच दिसण्याचा दोष मोजमापाचा कमी, मांडीवरच्या बोर्डाचा जास्त. बोर्ड आडवा असला की कागदाची वरची कड डोळ्यांपासून लांब जाते, कागद उंचीत आखूड दिसतो आणि हात नकळत ती तूट भरून काढतो. बोर्ड उभा केला की ती भर उघडी पडते. खालची कड गुडघ्यांवर टेकवा, वरची कड डाव्या हाताने धरा. नजर कागदावर काटकोनात पडली पाहिजे.

आता माप. कोपर ताठ, एक डोळा बंद, आणि दर वेळी तोच डोळा. हात 60 सेंमी आणि इमारत तिच्या उंचीच्या चौपट अंतरावर असेल, तर ती पेन्सिलवर 15 सेंमी भरते. कोपर वाकून हात 50 वर आला की तीच 12.5 भरते. उंची ताठ हाताने घेतली आणि रुंदी वाकलेल्या हाताने, तर एक षष्ठांश चूक तिथेच झाली.

पेन्सिलवरचे सेंटिमीटर कागदावर आणायचे नसतात, पट आणायची. दरवाजाच्या कमानीची रुंदी एकक धरा. ती पूर्ण उंचीत किती वेळा बसते, पूर्ण रुंदीत किती वेळा, एवढंच पाहा. एकक फार बारीक घेऊ नका: पेन्सिलवर 1 सेंमी भरणाऱ्या एककात 1 मिमी चूक झाली, तर बारा वेळा मोजल्यावर ती 12 मिमी होते. आधी एच पेन्सिलने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशा चार खुणा. मग उंचीचा बरोबर मध्य कुठे येतो ते समोर शोधा, म्हणजे कोणत्या सज्जाच्या कोणत्या कडेवर. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी, हे माहीत असतं म्हणून डोकं सरळ 3:4 करून टाकतं. तसं करू नका, मोजा.

सायकलचाआरा:
मोजायला पेन्सिल नकोच. ती साधारण 7 मिमी जाड, कड तिच्यामागे लपते. सायकलचा आरा घ्या, जाडी जेमतेम 2 मिमी, सरळही असतो. टोक वरच्या कडेला, अंगठ्याचं नख खालच्या कडेला.

तिरपीरेघ:
भिंत सपाट होते कारण सज्जाची कड प्रत्यक्षात आडवी आहे हे तुम्हाला माहीत आहे आणि हात माहितीच काढतो. दुसरी चूक याहून नेहमीची: कडेचा कोन घ्यायला पेन्सिल तिच्यावर धरली की ती भिंतीच्या दिशेने आत झुकते. डोळ्यांसमोर खिडकीची काच आहे असं समजा, पेन्सिल काचेला चिकटूनच फिरली पाहिजे, आरपार जायची नाही. दोन्ही टोकं दोन हातांत धरून दोन्ही कोपरं ताठ ठेवली की ती आपोआप काचेवर राहते.

कोन लक्षात ठेवायला मिनिटकाटा बरा. 15 वर आडवा. उजवीकडे मागे जाणारी वरची कड 17 वर दिसली तर 12 अंश उतार. उभ्या बोर्डवर पेन्सिल तशीच, न वळवता आणता येते. मांडीवरच्या बोर्डवर आणताना ती कलंडते आणि कोन गेला.

आधी डोळ्यांच्या उंचीची आडवी रेघ हलकी काढून ठेवा. तिच्या वरच्या कडा मागे जाताना खाली उतरतात, खालच्या वर चढतात, आणि कड जितकी उंचावर तितका उतार जास्त. बागेत उभं राहिलात तर राजवाड्याचे जवळजवळ सगळे मजले या रेघेच्या वरच, म्हणून सातव्या मजल्याची रेघ सर्वांत तिरपी. निम्मं काम बसून आणि निम्मं उभं राहून केलंत तर ही रेघ अर्धा-एक मीटर सरकते. खालच्या भागाची मग वाट लागते, जोत्याचे उतार एकमेकांशी जुळत नाहीत.

पोहेजलेबी:
बोर्डाचं पटलं. पण गाड्या आणि झाडांमुळे खालचा मागचा कोपरा दिसतच नाही. तो कुठे धरायचा?

ओळंबा:
दोऱ्याला जड नट बांधा, हलका असला तर वाऱ्याने झुलतो. दोरा वरच्या मागच्या कोपऱ्यावर धरा. दोरा मध्ये कशाकशावरून जातो ते बघा: एखादी खिडकी, गाडीचा आरसा. त्याच ओळीत खाली कोपरा आहे. कागदावर तीच उभी रेघ काढा आणि जमिनीलगतची जी कड दिसते तिचा कोन घेऊन त्या रेघेपर्यंत वाढवा.