पेशी आहेत, पण सांगाडा बिघडलेला

जन्मतःच प्रतिकारशक्ती कमी म्हणजे पांढऱ्या पेशी किंवा अँटीबॉडी कमी, असं सहसा सांगितलं जातं. बऱ्याच आजारांत ते खरंही आहे. पण काहींत पेशी असतात, बिघडलेला असतो तो त्यांच्या आतला सांगाडा.

विस्कॉट-ऑल्ड्रिच सिंड्रोम हा असाच एक जन्मजात आजार घ्या. जर्मन डॉक्टर विस्कॉट यांनी तो १९३७ साली तीन भावांमध्ये नोंदवला. त्याला कारण असलेलं जनुक सापडायला १९९४ उजाडलं. ते एक्स गुणसूत्रावर असल्यामुळे रुग्ण जवळपास सगळे मुलगेच. त्या जनुकाचं प्रथिन ॲक्टिनच्या, म्हणजे पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या प्रथिनाच्या, धाग्यांना फांद्या फोडायला लावतं. टी-पेशी (एक प्रकारची पांढरी पेशी) संसर्ग झालेल्या पेशीला चिकटते, तेव्हा संपर्काच्या जागी हेच जाळं लागतं. ते नीट नसेल तर पकड ढिली पडते आणि संदेशही अर्धवट जातो. प्लेटलेट कमी तर असतातच, शिवाय आकारानेही लहान. हा आकार निदानाला फार उपयोगी, पण बहुतेकांचं लक्ष फक्त आकड्याकडे!

डॉक-८ या सांगाड्याशी निगडित प्रथिनाच्या जन्मजात कमतरतेत तर कमालच आहे. त्वचेतल्या अरुंद फटींतून वाट काढताना टी-पेशी लांबत जाते, वाकडीतिकडी होते आणि चक्क फाटून मरते. म्हणून हर्पिस (विषाणूमुळे येणारे फोड) आणि चामखिळी त्वचेवर ठाण मांडून बसतात. दोन्ही आजारांत मुख्य बिघाड रक्तपेशींचा, त्यामुळे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा उपयोग होतो.